विषाचा माग काढणारी काचपट्टी

छत्रपती संभाजीनगराहून दक्षिणेस पैठणला जाणारा रस्ता चितेगाव, बिडकीन, ढोरकीन अशी गावे मागे टाकीत गोदातीरी पोचतो. फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणात नाथषष्ठीची यात्रा भरते. त्या सुमारास उत्तरेकडील दिंड्या या वाटेने जाताना दिसतात. दिंडीत टाळ-मृदंगाचा ठेका एक आणि पाऊलही एक. असे असूनही सकाळी एकत्र निघालेली माणसे सायंकाळी एकत्र राहिलेली नसतात. कोणी वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर घटकाभर टेकतो, कोणी ओळखीच्या दारी पाणी मागतो, तर कोणी कोठेच न थांबता पताकेच्या मागोमाग पुढे निघून जातो. बसलेला मनुष्य उठला, की मागून येणाऱ्या वारकऱ्यांत मिसळतो व पुन्हा त्याच चालीने चालू लागतो. म्हणजे दोघांमध्ये जे अंतर पडले ते चालण्यातील भेदामुळे नव्हे, तर थांबण्यातील भेदामुळे होय.

रसायनशास्त्रातील एका अत्यंत साध्या आणि तितक्याच उपयुक्त रीतीचे मर्म एवढ्यात सामावलेले आहे. या रीतीस ‘पातळ थरावरील वर्णलेखन’ म्हणतात. प्रयोगशाळांतून तिचे ‘थिन लेयर क्रोमॅटोग्राफी’ हे मूळ नाव, किंवा त्याची ‘टी. एल. सी.’ ही आद्याक्षरेच, अधिक प्रचारात आहेत. अनेक द्रव्यांचे मिश्रण काचेच्या पट्टीवरील पांढऱ्या थरातून वाटचाल करते, आणि ती वाट संपेपर्यंत त्यातील प्रत्येक द्रव्य आपापल्या जागी वेगळे झालेले असते.

ही रीत केवळ पाठशाळेतील गंमत नव्हे. चितेगावच्या आसपासच्या काळ्या रानात कपाशी, तूर, बाजरी ही पिके. कपाशी आली की बोंडअळी आली, मावा आला, तुडतुडे आले. आणि त्यांच्यामागोमाग फवारणीचा पंपही आला. मराठवाड्यातील शेतकरी कीटकनाशकास ‘औषध’ म्हणतो. औषध आणले, औषध मारले, असेच तो बोलतो. परंतु हे औषध वाऱ्याने उलटून अंगावर आले, नाकातोंडात गेले, किंवा घोटभर पोटात गेले, तर तेच प्राणांतिक विष ठरते. अशा प्रसंगी पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की विष कोणते? बाटलीवरची चिठ्ठी पुष्कळदा पुसट झालेली असते; कित्येकदा बाटलीच सापडत नाही; एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळलेली असणे, हेही नित्याचेच. आणि उत्तर तर अवश्य पाहिजे. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांवर ॲट्रोपिन व प्रॅलिडॉक्सिम हे उतारे आहेत. कार्बामेट वर्गाच्या विषावर ॲट्रोपिन चालते, दुसऱ्याची सामान्यतः गरज नसते. पायरेथ्रॉइड वर्गातील विषांवर यांपैकी एकही खरा उतारा नव्हे. मनुष्य दगावला तर पंचनामा, शवविच्छेदन, चौकशी या सर्वांचे बोट अखेर त्याच प्रश्नाकडे वळते. पोटातून काढलेल्या, रक्तामांसात मिसळलेल्या थेंबभर द्रवातून एक विष नेमके वेगळे काढावयाचे, हे या काचपट्टीचे काम.

पट्टीची रचना सोपी आहे. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सपाट पत्र्यावर सिलिका जेल नावाच्या पांढऱ्या भुकटीचा सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा थर दिलेला असतो. भुकटी सुटू नये म्हणून तीत थोडे प्लॅस्टर ऑफ पॅरिस मिसळतात. पट्टीच्या खालच्या कडेपासून दीड-दोन सेंटिमीटरांवर पेन्सिलीने एक फिकट रेघ ओढतात. शाई येथे वर्ज्य होय, कारण शाईतील रंगही पुढे द्रवाबरोबर चालू लागतील! या रेघेवर बारीक काचनळीने तपासावयाच्या द्रवाचा लहानसा ठिपका देतात व तो वाळू देतात. शेजारी ओळखीच्या शुद्ध द्रव्यांचे ठिपके देतात. मग झाकणाच्या काचपेटीत अर्धा-एक सेंटिमीटर उंचीचा द्रव घालून तीत ही पट्टी उभी करतात. ठिपके द्रवाच्या वर राहिले पाहिजेत. ते बुडाले तर द्रव्य पेटीतच विरघळून जाईल व वाटचाल होणारच नाही.

दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच केशाकर्षणाने हा द्रव भुकटीच्या कणांमधील सूक्ष्म फटींतून वर चढू लागतो. ठिपक्यापाशी पोचला म्हणजे त्यातील द्रव्यांना तो आपल्यात विरघळवून घेतो आणि वर नेऊ पाहतो. येथून दोन ओढी सुरू होतात. चढता द्रव द्रव्याला पुढे ओढतो. स्थिर भुकटी त्याला धरून ठेवते. द्रव्याचा रेणू क्षणभर भुकटीला चिकटतो, क्षणभर सुटून द्रवात येतो, द्रवाबरोबर थोडा पुढे जातो, पुन्हा चिकटतो. एका वाटचालीत असे असंख्य वेळा घडते. द्रवात असताना सर्व रेणूंचा वेग एकच, द्रवाचा जो वेग तोच. चिकटलेले असताना सर्वांचा वेग शून्य. भेद आहे तो एवढाच, की कोणाचा किती काळ चिकटण्यात गेला.

आता भुकटीला ही धरून ठेवण्याची शक्ती कोठून आली, ते पाहिले पाहिजे. सिलिका जेल म्हणजे वाळूतील सिलिकाचेच एक सच्छिद्र रूप. त्याचा कण आतून मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे, किंबहुना त्याहूनही बारीक छिद्रांनी, पोखरलेला असतो. या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर या कामी वापरतात त्या सिलिका जेलच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ५ गुंठे, भरतो. चिमूटभर भुकटीत एवढे रान दडलेले आहे. या सबंध पृष्ठभागावर ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोड्या दाटीने उभ्या असतात. त्यांच्या अंगी सौम्य विद्युत्-आकर्षण असते. ज्या रेणूमध्ये असेच विषम विद्युत्-भार असलेले गट असतील, विशेषतः ज्यांत ऑक्सिजन वा नायट्रोजनशी जोडलेला हायड्रोजन असेल, त्या रेणूला हा पृष्ठभाग घट्ट धरतो. अशा रेणूंना ध्रुवीय म्हणतात. पृष्ठभागावर चिकटण्याच्या या क्रियेस अधिशोषण अशी संज्ञा आहे. शोषणात द्रव्य पदार्थाच्या आत मुरते. अधिशोषणात ते वरवर, पृष्ठभागीच राहते.

म्हणून द्रव्यांचा एक सर्वसाधारण अनुक्रम लागतो. पॅराफिनचे मेण, खनिज तेल यांसारखी निव्वळ कार्बन-हायड्रोजनची द्रव्ये सिलिकाला जवळजवळ चिकटतच नाहीत. ती द्रवाच्या आघाडीबरोबर वर जातात. एस्टर व कीटोन मध्ये कोठेतरी राहतात. अल्कोहोल त्यांच्याही मागे पडते. आम्ले व अमाइडे बहुधा खालीच रेंगाळतात.

परंतु भुकटीच्या ओढीएवढेच चढत्या द्रवाचेही महत्त्व आहे. द्रव हा केवळ वाहक नव्हे, तो प्रतिस्पर्धीही आहे. पृष्ठभागावरील जागा मर्यादित. त्यांवर द्रव्याने बसावे की द्रवाने, अशी चढाओढ सतत चाललेली असते. हेक्झेनसारखा निर्ध्रुव द्रव घेतला तर तो जागेसाठी भांडत नाही, आणि ध्रुवीय द्रव्ये जागची हलतच नाहीत. त्यात ॲसिटोन मिसळले, की ॲसिटोनचे रेणू ओट्यावर बसलेल्यांना उठवून स्वतः बसू लागतात आणि द्रव्ये वाटेला लागतात. ॲसिटोन फार झाले तर कोणालाच बसावयास जागा उरत नाही; सर्व द्रव्ये आघाडीबरोबर वर जाऊन एकत्र गोळा होतात. सर्वच खाली राहिली काय आणि सर्वच वर गेली काय, पृथक्करण झाले नाही ते नाहीच. योग्य प्रमाण यांच्या मधोमध कोठेतरी सापडते, व ते शोधण्यात परीक्षकाचे कसब दिसून येते.

डोळ्यांना दिसेल असे एक उदाहरण प्रत्येक घरात आहे, ते हळदीचे. हिंगोली-वसमतकडची हळद अल्कोहोलात कालवून तिचा पिवळा अर्क पट्टीवर ठेवला आणि क्लोरोफॉर्ममध्ये थोडे मेथॅनॉल मिसळून तो द्रव चढू दिला, तर एका पिवळ्या ठिपक्याचे तीन पिवळे ठिपके होतात. सर्वांत वर कर्क्युमिन, त्याखाली त्याची दोन भावंडे. तिघांची ठेवण एकच. फरक इतकाच, की कर्क्युमिनच्या दोन्ही टोकांना ‘मेथॉक्सी’ नावाचा एक-एक गट आहे, मधल्या द्रव्यात तो एकाच टोकाला आहे, आणि सर्वांत खालच्यात मुळीच नाही. हा गट शेजारच्या हायड्रोजनला आपल्यातच गुंतवून ठेवतो. गुंतलेला हायड्रोजन सिलिकाच्या हाती सहजी लागत नाही. गट नाहीसा झाला की हायड्रोजन मोकळा, आणि मोकळा झाला की सिलिका त्याला धरणार. एका लहानशा गटाच्या असण्या-नसण्याने रेणूचा मुक्काम असा बदलतो. हळदीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग कालवला असेल, तर त्याच्या रेणूत गंधकाम्लाचा अंश असल्यामुळे तो अतिध्रुवीय असतो व या द्रवात फारच खाली राहून स्वतःला वेगळा दाखवितो. वरून पाहता दोन्ही पिवळेच. पट्टी मात्र फसत नाही.

ही वाटचाल आकड्यांत मांडण्याची रीतही सुलभ आहे. मूळ रेघेपासून द्रव्याने कापलेल्या अंतरास द्रवाच्या आघाडीने कापलेल्या अंतराने भागावे. येणाऱ्या अपूर्णांकास आर. एफ. मूल्य म्हणतात. समजा, द्रव १० सेंटिमीटर चढला. एक द्रव्य ७ सेंटिमीटरांवर आढळले, तर त्याचे मूल्य ०.७, दुसरे ३ सेंटिमीटरांवर आढळले, तर ०.३. या आकड्यांत अर्थ भरलेला आहे. पहिल्या द्रव्याने आपल्या वेळेचे स्थूलमानाने दहांतील सात भाग चालण्यात घालविले व तीन भाग थांबण्यात. दुसऱ्याने तीन भाग चालण्यात व सात थांबण्यात. पताका कोठवर गेली आणि वारकरी कोठवर पोचला, यावरून त्याने वाटेत किती विसावा घेतला ते सांगता यावे, तद्वत् हे होय.

येथे एक शंका सहज उद्भवते. प्रत्येक रेणू जर लहर लागेल तसा चिकटतो व सुटतो, तर एकाच द्रव्याचे रेणू सर्व पट्टीभर विखुरले कसे जात नाहीत? याचे उत्तर संख्येत आहे. एकदा थांबण्यास किती वेळ लागेल हे दैवाधीन असले, तरी हजारो वेळा थांबल्यावर सर्वांची सरासरी जवळजवळ एकच येते. ठिपका थोडा पसरतो खरा. परंतु दोन ठिपक्यांमधील अंतर वाटेच्या प्रमाणात वाढते, आणि हा पसारा मात्र वाटेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे अधिक सावकाश, वाढतो. म्हणूनच चालता चालता द्रव्ये एकमेकांपासून सुटी होतात. मग पट्टी हवी तेवढी लांब का करू नये? कारण द्रव जसजसा वर चढतो तसतसा मंदावतो. पहिल्या ५ सेंटिमीटरांस ८ मिनिटे लागली, तर १० सेंटिमीटर पुरे होण्यास एकंदर ३२ मिनिटे लागतात. अंतर दुप्पट तर वेळ चौपट. त्या रेंगाळण्यात ठिपके आपोआप फैलावतात आणि मिळविलेले गमावले जाते.

साधेपणामुळे या रीतीत हयगय चालेल असे मात्र कोणी समजू नये. भुकटी हवेतील ओल सहज ओढून घेते, आणि ओल बसलेल्या जागा द्रव्यांना मिळत नाहीत. पावसाळ्यातील पट्टी आणि वैशाखातील पट्टी एकच उत्तर देत नाहीत. यास्तव वापरण्यापूर्वी पट्टी ११० अंश सेल्सियसच्या सुमारास अर्धा-एक तास तापवितात. पेटीतील हवा द्रवाच्या वाफेने आधीच भरलेली असावी लागते, नाही तर पट्टीवरून द्रव उडू लागतो व आघाडी वाकडी होते; म्हणून पेटीच्या भिंतीला टिपकागद लावून तो द्रवाने भिजवून ठेवतात. ठिपका मोठा दिला तर बसण्याच्या जागा अपुऱ्या पडतात, आणि द्रव्य शेपूट काढीत ओघळते. आम्ले व अल्कलीधर्मी द्रव्येही अशीच ओघळतात. आम्लांसाठी द्रवात थोडे ॲसेटिक आम्ल व अल्कलींसाठी थोडा अमोनिया मिसळला म्हणजे त्यांचे ठिपके गोल व नेटके येतात.

आता विषाच्या प्रश्नाकडे परत वळू या. शवविच्छेदनात काढलेला जठराचा, यकृताचा, मूत्रपिंडाचा अंश मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून मोहोरबंद बरण्यांतून प्रयोगशाळेत येतो. पोलिसांच्या व पत्रकारांच्या बोलण्यात त्यास ‘व्हिसेरा’ म्हणतात. तो बारीक करून ईथर किंवा इथाइल ॲसिटेट यांसारख्या द्रवात घुसळतात, विष त्या द्रवात उतरते, व तो द्रव आटवून थेंबभर करतात. परंतु विषाबरोबर चरबीही उतरते, आणि चरबीचा पट्टा ठिपक्यांना झाकून टाकतो. म्हणून ती आधी वेगळी काढावी लागते. शिवाय विष नसलेल्या अवयवाचा अर्कही त्याच पट्टीवर शेजारी ठेवतात. शरीरात मुळातच असणारे एखादे द्रव्य विष म्हणून पुढे येऊ नये, हा त्यातील हेतू.

हेक्झेनचे चार भाग व ॲसिटोनचा एक भाग अशा द्रवात क्लोरपायरिफॉस बरेच वर जाते. त्याच्या रेणूत क्लोरीन व गंधक आहेत, परंतु सिलिकाने धरावा असा मोकळा हायड्रोजन नाही. मोनोक्रोटोफॉस त्याच पट्टीवर पार खाली, मूळ रेघेच्या आसपास राहते. त्याच्या रेणूत अमाइडचा गट आहे, व ते पाण्यात हवे तितके मिसळते. दोन्ही फॉस्फरसाचीच कीटकनाशके. एक पुढे गेले, एक ओट्यावरच बसून राहिले. मोनोक्रोटोफॉस पाहावयाचे असेल, तर ॲसिटोनचा भाग वाढविल्यावाचून गत्यंतर नाही.

परंतु वेगळे झालेले हे ठिपके हळदीसारखे पिवळे नसतात. बहुतेक विषे पट्टीवर अदृश्यच राहतात. त्यांना दृश्य करण्याच्या अनेक युक्त्या आहेत. थरात चमकणारी पूड मिसळून जंबुपार किरणांखाली पट्टी धरली, तर सर्व पट्टी हिरवी झळकते व द्रव्य असेल तेथे काळा डाग दिसतो. आयोडीनच्या वाफेत ठेवली तर पुष्कळ द्रव्ये तपकिरी उमटतात. परंतु चरबीही तपकिरीच उमटते. म्हणून ज्या त्या विषाला ओळखणारा फवारा पाहिजे. गंधकयुक्त फॉस्फरसी विषांवर पॅलॅडियम क्लोराइड फवारले म्हणजे पिवळे-तपकिरी डाग येतात. मोनोक्रोटोफॉसमध्ये गंधकच नाही. तेथे हा फवारा मुका राहतो.

नेमक्या या ठिकाणी संभाजीनगराने, त्या काळच्या औरंगाबादने, मोलाची भर घातलेली आहे. तेथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतील व्ही. बी. पाटील यांनी आपल्या सहकाऱ्यांसह, आणि मराठवाडा विद्यापीठातील एम. एस. शिंगारे यांच्या जोडीने, कीटकनाशके पट्टीवर ओळखण्याचे नवे नवे फवारे योजिले. त्यांचे निबंध १९९० नंतरच्या दशकात परदेशांतील मान्यवर नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. मोनोक्रोटोफॉसवरील त्यांचा निबंध १९९४ मधील आहे. युक्ती अशी, की पट्टीवरच अल्कली फवारून विषाचा रेणू मोडावयाचा. त्यातून जो तुकडा सुटतो तो डायझो नावाच्या वर्गातील संयुगाशी जोडला जाऊन रंग धारण करतो. कार्बारिल या विषावरील त्यांचा निबंधही १९९४ मध्ये ‘ॲनॅलिस्ट’ या ब्रिटिश नियतकालिकात आला. कार्बारिल अल्कलीने मोडले म्हणजे नॅप्थॉल सुटते, आणि नॅप्थॉल हे रंगांच्या कारखान्यांतील जुने ओळखीचे द्रव्य होय. अशा फवाऱ्यांचा लाभ दुहेरी आहे. चरबीसारखी शरीरातील द्रव्ये रंग धरीत नाहीत, आणि दुसऱ्या वर्गातील विषेही धरीत नाहीत. म्हणजे पट्टीवरील जागा हा एक साक्षीदार, तर रंग हा दुसरा. जेथे कपाशीचे रान जवळ व विषबाधेच्या बरण्या रोजच्या, तेथेच ही विद्या वाढावी, यात नवल नाही.

या विद्येचा पूर्वेतिहासही थोडक्यात सांगण्याजोगा आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत याने १९०३ मध्ये वॉर्सा येथे, पानांतील रंग नळीत भरलेल्या पांढऱ्या भुकटीतून वाहू देऊन वेगळे कसे करता येतात, ते मांडले. रंगीत पट्टे दिसले म्हणून त्याने या रीतीस ‘वर्णलेखन’ या अर्थाचे नाव दिले. त्याच्या स्वतःच्या आडनावाचा रशियन अर्थही ‘रंग’ असाच आहे! १९३८ मध्ये खारकोव्ह येथील इझमाइलोव्ह व श्रायबर या दोघांनी नळी सोडून काचेवर पातळ थर पसरला व वनौषधींचे अर्क त्यावर तपासले. १९५६ पासून जर्मनीतील एगॉन श्टाल याने भुकटी, थराची जाडी, पट्टी व पेटी या सर्वांना ठराविक माप लावून दिले. तोवर ज्याची त्याची पट्टी निराळी, म्हणून ज्याचे त्याचे उत्तर निराळे, अशी स्थिती होती. माप एक झाल्यावर ही रीत जगभर पसरली. आज औषधांच्या कारखान्यांतही क्रिया पुरी झाली की मूळ द्रव्य अजून शिल्लक आहे, हे पाहण्यासाठी रसायनज्ञ प्रथम हीच पट्टी हाती घेतो.

पट्टीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. दोन निरनिराळी द्रव्ये एखाद्या द्रवात योगायोगाने एकाच जागी येऊ शकतात. सारखा वेळ थांबणारे दोन वारकरी एकाच गावचे असतीलच असे नाही. म्हणून केवळ जागेवरून निर्णय देणे धोक्याचे. निराळ्या घडणीचा दुसरा द्रव घेऊन पुन्हा पट्टी चालवावी. शेजारी शुद्ध नमुना ठेवावा. संशयित अर्कात तोच शुद्ध नमुना मिसळून एकच ठिपका येतो की दोन, हे पाहावे. आणि शेवटी वायू-वर्णलेखन व वस्तुमान-वर्णपट यांसारख्या महागड्या यंत्रांनी खात्री करून घ्यावी. तेथवर वाट दाखविण्याचे काम ही पट्टी करते. कोणत्या बरणीत काय शोधावे हे ती थोड्या वेळात व थोड्या खर्चात सांगते, आणि एका पट्टीवर अनेक नमुने एकाच वेळी चालतात.

आणखी एक मर्यादा आहे, व ती रसायनशास्त्राच्या पलीकडची आहे. विष कोणते, हे पट्टी सांगते. ते कसे पोटात गेले, हे सांगत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात गेले. तेथे विषाचे नाव कळणे अवश्यच होते. परंतु पंप गळका होता काय, पीक डोक्याहून उंच होते काय, हातमोजे व मुखपट्टी दिली होती काय, याची उत्तरे रानातच शोधावी लागली. महाराष्ट्र शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशकाची विषबाधा हा अपघात गणला जातो, मृताच्या वारसास २ लाख रुपये मिळतात, आणि अशा प्रकरणी रासायनिक विश्लेषणाचा अहवाल मागितला जातो. आत्महत्या मात्र या योजनेत बसत नाही. म्हणजे एखाद्या विधवेच्या अर्जाला जोडलेल्या एका कागदामागे हाच पांढरा थर असू शकतो. रसायनज्ञाने आपला ठिपका नेटका द्यावा, द्रव नीट मापावा, कोरा नमुना शेजारी ठेवण्यास विसरू नये, याचे मोल तेथे कळते. अपघात की आत्मघात, हे ठरविणे माणसांचे काम आहे, आणि ते पट्टीच्या माथी मारणे अन्याय्य होय.

फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्यानेही यातून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. औषधाची बाटली, तिच्यावरील चिठ्ठीसह, रिकामी झाली तरी हंगाम संपेपर्यंत मुलाबाळांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवावी. ती पाण्यासाठी, तेलासाठी कधीही वापरू नये. आणि कोणास भोवळ, घाम, ओकारी किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर रोग्याबरोबर ती बाटलीही दवाखान्यात न्यावी. प्रयोगशाळेतील पट्टीला जे उत्तर काढावयास तासन्‌तास लागतात, ते ती चिठ्ठी एका क्षणात देते. आणि त्या वेळी उताऱ्याचा क्षण अजून हातचा गेलेला नसतो.

नाथषष्ठीच्या दिंडीत पताका पैठणास प्रथम पोचते, कोणी दुपारी पोचतो, कोणी दिवेलागणीस. आणि जो तो कोठे किती थांबला हे त्याच्या पोचण्यावरून कळते. काचेवरील पाव मिलिमीटर थरात हेच घडते. द्रव्ये आपले नाव सांगत नाहीत. ती कोठे थांबली, त्यावरून त्यांचे नाव ओळखावे लागते.